'नंतर' नावाचे बटण

हेडक्लार्कांनी कॉम्प्युटरवरचे कापड काढून त्याची घडी घातली, चष्मा पुसला आणि पडद्यावर आलेल्या चौकटीकडे, एखाद्या चिवट अर्जदाराकडे पाहावे तसे पाहिले. महत्त्वाचे अपडेट तयार असल्याचे चौकटीत लिहिले होते. खाली दोन बटणे होती. एकावर 'आता करा' आणि दुसऱ्यावर 'नंतर आठवण करून द्या'.

"आलास? बस," असे म्हणून हेडक्लार्कांनी 'नंतर'चे बटण दाबले आणि पत्त्यांचा डाव मांडला.

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, तरी बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे हेडक्लार्कच म्हणत. अख्ख्या नोकरीत त्यांनी कोणाला कधी 'नाही' म्हटले नव्हते. 'नाही' म्हटले की माणूस भांडतो, वरच्या साहेबाकडे जातो. 'नंतर बघू' म्हटले की माणूस आशेवर राहतो आणि कागद कपाटात राहतो, दोघेही सुखी. या एका शब्दाच्या जोरावर हेडक्लार्कांनी बढत्या घेतल्या. त्यांच्या निरोप समारंभात साहेबांनी त्यांच्या अविचल स्वभावाचे तोंड भरून कौतुक केले. तो समारंभसुद्धा दोनदा पुढे ढकलला गेला होता.

कचेरीतली सवय दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवता येत नाही. स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा खण ओढला की सरळ हातात यायचा. त्याचे दोन स्क्रू आवळायचे होते. "नंतर बघू," असे हेडक्लार्क म्हणाले तेव्हा त्यांची मुलगी शाळेत होती. आता ती दुसऱ्या शहरात नोकरी करत होती, आणि घरातली माणसे तो खण दोन्ही हातांनी, तान्हे मूल उचलावे तशी सांभाळून उघडत होती.

खणाचे एक वेळ सोडून द्या. मुलगी पाळण्यात असताना त्यांच्या बायकोला रेडिओवर मुलांना गोष्टी सांगायला बोलावले होते. आवाज ऐकून आपणहून बोलावले होते. "पोरगी जरा मोठी होऊ दे, नंतर बघू," हेडक्लार्क म्हणाले. पोरगी मोठी झाली, शिकली, तिला चष्मासुद्धा लागला, पण ते 'नंतर' काही उगवले नाही. बायको शाळेच्या ग्रंथालयात लागली. तिथे सगळे तिला 'बाई' म्हणू लागले, आणि पुढे गल्लीही म्हणू लागली. बाई गोष्ट वाचून दाखवायला लागल्या की शेवटची घंटा होऊन गेली तरी पोरे उठत नसत. शिपाई झाडू घेऊन दारात यायचा आणि तोही तिथेच टेकायचा.

आता बाईही निवृत्त झाल्या होत्या. आणि एके दिवशी त्यांना मेल आली. आवाजाची कामे करणाऱ्या एका कंपनीला गोष्टी वाचायला आवाज हवे होते. बाईंनी मुलीच्या आग्रहावरून अर्ज केला होता, म्हणजे बाईंनी सांगितले होते आणि हेडक्लार्कांनी टाइप केला होता. गुरुवारी सकाळी अकरा वाजता कॉम्प्युटरवर समोरासमोर चाचणी होती. मेलमधल्या दुव्यावर क्लिक करायचे की झाले.

बाईंनी ती मेल पुन्हा पुन्हा वाचली आणि मग नवऱ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात जुना हिशेब नव्हता, नुसती भीती होती. हेडक्लार्कांना कुठेतरी आत टोचले. माणूस वाईट नव्हता हो. फक्त त्याच्या चांगुलपणाला मुहूर्त लागत नसे.

"दे तू चाचणी," ते छाती पुढे काढून म्हणाले. "यंत्राची जबाबदारी माझी."

आणि तिथेच सगळा घोटाळा सुरू झाला.

यंत्राची जबाबदारी म्हणजे, हेडक्लार्कांच्या मते, यंत्रात काहीही बदलू न देणे. त्याला कारणही होते. मागे एकदा ते दुपारी झोपले असताना कॉम्प्युटरने आपल्या आपण अपडेट करून घेतले होते. उठून पाहतात तो प्रिंटर ओळख देईना, मराठी अक्षरांच्या जागी चौकोनी डबे आलेले, आणि पत्त्यांचा खेळ गायब. खेळ पुढे परत आला, पण दर डावानंतर तो गुडघेदुखीचे तेल विकायला लागला. तेव्हापासून हेडक्लार्क दुपारचे झोपताना कॉम्प्युटरची वायर काढून उशीखाली घेत.

सोमवारी सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे "आलास? बस," म्हटले आणि त्यांचा हात हवेतच थांबला. 'नंतर'चे बटण नव्हते. चौकटीत लिहिले होते, की हे अपडेट खूप वेळा पुढे ढकलण्यात आले आहे. खाली 'आता' आणि 'आज रात्री' एवढेच दोन पर्याय होते.

"अगं, 'नंतर' कुठे गेलं?" हेडक्लार्क ओरडले.

"काय कुठे गेलं?" बाई आतून म्हणाल्या.

"बटण! कालपर्यंत इथं होतं!"

बाई पदर खोचत बाहेर आल्या आणि त्यांनी चौकट वाचली. "मग करून टाका ना. आज सोमवारच आहे. गुरुवारपर्यंत वेळ आहे."

"पाहुणे दारात आल्यावर कोणी घर रंगवायला काढतं का? तुझी चाचणी झाल्याशिवाय मी याला बोट लावू देणार नाही."

"पण तो आज रात्री म्हणतोय."

"म्हणू दे. असल्या धमक्या मी मंत्रालयातून आलेल्या पाहिल्यात."

त्याच वेळी मुलीचा फोन आला. "बाबा, अपडेट केलंत का?"

"विचाराधीन आहे," हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी फोन बाईंकडे दिला.

मग ते कॉम्प्युटरसमोर बसून विचार करू लागले. त्यांच्या कचेरीत एखाद्या कामाची मुदत टळली तर कामाला कोणी हात लावत नसे. तारखेला लावत. कागदावर मागची तारीख घातली की मुदत आपोआप पुढे जाते, कोणाचे काही बिघडत नाही, आणि सरकार चालू राहते. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती. हेडक्लार्कांनी ती दाबून पाहिली. बदलता येत होती! 'तारीख आपोआप ठरू द्या' अशी एक खूण होती ती त्यांनी आधी काढून टाकली, कारण आपोआप होणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. मग त्यांनी तारीख आठवडाभर मागे नेली. चौकट जरा घुटमळली. हेडक्लार्कांनी हात मोकळा सोडून तारीख चांगली वर्षभर मागे नेली. चौकट नाहीशी झाली.

"मुदत मोजतोस काय? मोज आता," ते समाधानाने म्हणाले. कॉम्प्युटरवर कापड घातले आणि गुरुवारपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही असे घरात जाहीर केले. घरात हात लावणाऱ्या एकट्या बाईच होत्या. त्यांना तरी वेळ कुठे होता? त्या दिवसभर पुस्तके काढून मोठ्याने वाचत होत्या. राक्षस बोलला की पलीकडच्या घरातले मांजर खिडकीतून आत डोकावून जायचे.

गुरुवारी बाईंनी ठेवणीतले कपडे घातले. खरे तर पडद्यावर खांद्यापर्यंतच दिसणार होते, पण त्यांनी चपलाही नव्या घातल्या. हेडक्लार्कांनी कापड काढले, खुर्ची पुसली, आणि अकराला चांगलाच अवकाश असताना मेलमधल्या दुव्यावर क्लिक केले.

पडद्यावर लाल अक्षरे आली. ही जागा सुरक्षित नाही, पुढे जाता येणार नाही.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"तो जरा भित्रा आहे. परत दाबतो."

परत तेच. दुसरे काही उघडून पाहिले, तिथेही तेच. सगळे जगच एकाएकी असुरक्षित झाले होते. बाईंनी घशाखाली कोमट पाणी ढकलले. तारखेचा आणि याचा काही संबंध असेल अशी शंकासुद्धा हेडक्लार्कांना आली नाही. मागच्या तारखेने काम अडल्याचे त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते.

"थांब, इंजिनियरला बोलावतो."

समोरच्या दारातला इंजिनियर हा पुलांचा इंजिनियर. जन्मभर त्याने नदीत खांब उभे केले होते. पण बिल्डिंगच्या मते इंजिनियर तो इंजिनियर, आणि त्यानेही हा गैरसमज दूर करण्याची घाई कधी केली नव्हती. मिक्सर अडला, लिफ्ट अडली, कोणाची कुंडली अडली, तरी लोक त्याचे दार वाजवत. तो दाढी अर्धी टाकून, एका गालावर फेस घेऊन आला.

"काळजी नको वहिनी, बघतो," म्हणून त्याने कॉम्प्युटरच्या पाठीवर बोटाने टकटक केली आणि कान लावून ऐकले. "आतून भक्कम आहे."

"अहो, तो पूल नाही," बाई म्हणाल्या. "अकरा वाजत आलेत."

इंजिनियर पडद्याजवळ वाकला. "अरे! हेडक्लार्क, तुमचा कॉम्प्युटर वर्षभर मागे आहे!"

"असेल. जुना आहे तो."

"तसं नव्हे हो. तारीख! तारीख मागची दाखवतोय. तारीख चुकली की पलीकडची यंत्रं याला दारात उभं करत नाहीत. माझ्या नातवाच्या कॉम्प्युटरला असंच झालं होतं. आता दुरुस्त करतो."

हेडक्लार्कांचा चेहरा उतरला. आता या गृहस्थाला थांबवायचे तर कारण सांगावे लागणार, आणि कारण सांगायचे तर बायकोच्या देखत सांगावे लागणार. धरले तर चावते आणि सोडले तर पळते, अशी गत झाली. त्यांच्या तोंडून आपसूक त्यांचा जन्माचा सोबती बाहेर पडला.

"नंतर केली तर?"

"काय नंतर?" बाईंनी मान वळवली.

तोवर इंजिनियरने तारीख दुरुस्त केलीही होती.

एक क्षण सगळे ठीक दिसले. लाल अक्षरे गेली. बाईंनी गळ्यातली माळ सारखी केली. आणि मग पडद्याच्या कोपऱ्यातून चौकट वर आली. तिच्यामागून दुसरी आली, दुसरीच्या मागून तिसरी. हेडक्लार्कांनी महिनोन्महिने बाकावर बसवून ठेवलेले सगळे अर्जदार एकदम उठून खिडकीशी आले होते. कॉम्प्युटर घरघरला आणि जागच्या जागी थिजला.

"गुंतला," इंजिनियर म्हणाला. "एकदा बंद करून चालू करू."

"नको!" हेडक्लार्क ओरडले. "बंद मुळीच करू नका! बंद केला की तो डाव साधतो!"

"अहो, जगात सगळं बंद करून चालू केलं की सुधारतं."

"तुमचे पूलसुद्धा?"

इंजिनियरने हे ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि बंद करण्याची जागा शोधली. तिथे दोन ओळी होत्या. 'अपडेट करून बंद करा' आणि 'अपडेट करून पुन्हा सुरू करा'.

"दोन्हीकडं अपडेट आहे," तो म्हणाला.

"तिसरं बघा काहीतरी."

"तिसरं नाहीच."

"असं कसं? माणसाला विचार करायला जागा नको?"

"अहो, काहीतरी एक दाबा!" बाई कळवळून म्हणाल्या, आणि इंजिनियरने त्यातल्या त्यात आशादायक ओळ दाबली.

पडदा निळा झाला. मधोमध ठिपक्यांचे कडे फिरू लागले. 'अपडेटचे काम चालू आहे. कृपया कॉम्प्युटर बंद करू नका.' खाली टक्क्यांचा आकडा होता, आणि तो सरकारी नोकरीत माणूस चढावा तसा चढत होता.

बाईंनी पदराला हात पुसले आणि मुलीला फोन लावून तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"आई, घाबरू नकोस," मुलगी म्हणाली. "तुझ्या मोबाइलवर मेल उघड आणि तिथून आत जा. पासवर्ड घाल फक्त."

"पासवर्ड काय आहे?"

"तो बाबांनी ठेवलाय. बाबा?"

"सुरक्षित आहे," हेडक्लार्क म्हणाले.

"कुठे?"

हेडक्लार्कांनी फिरणाऱ्या ठिपक्यांकडे पाहिले. "कॉम्प्युटरात."

पलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग मुलगी म्हणाली, "पण सोमवारी सगळं चालू होतं ना? मग मध्येच झालं काय?"

"काही नाही गं," इंजिनियर उत्साहाने म्हणाला. "तारीख वर्षभर मागे गेली होती. मी दुरुस्त केली."

"तारीख आपली आपण मागे जात नाही, काका. बाबा, तुम्ही हात लावलात का तारखेला?"

हेडक्लार्कांनी आधी इंजिनियरकडे पाहिले. मग फोनकडे पाहिले. बाईंकडे पाहायचे त्यांनी टाळले.

"मी मुदतवाढ घेतली," ते म्हणाले.

"कोणाकडून?"

"माझ्या अधिकारात."

एवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढला, नंबर पाहिला आणि कापला. "अनोळखी नंबर मी घेत नाही. हल्ली फसवणूक फार आहे," असे त्यांनी सर्वांना उद्देशून सांगितले. आपण निदान एका बाबतीत तरी सावध आहोत हे सांगण्याची त्यांना गरज वाटत होती.

मुलीला मीटिंगला जावे लागले. आकडा शंभराच्या जवळ आला तेव्हा तिघांनी श्वास रोखला. पडदा काळा झाला, परत निळा झाला आणि आकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. 'दुसरा टप्पा.'

"पुलाचंही असंच असतं," इंजिनियर समजुतीच्या सुरात म्हणाला. गालावरचा फेस वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. "सगळं होतं आणि शेवटचा तुकडा राहतो."

"मग पुढे होतो का पुरा?" बाईंनी विचारले.

"उद्घाटन होतं."

फोन परत वाजला. हेडक्लार्कांनी परत कापला. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले, आणि वाजून गेले. त्या घड्याळाला कोणी मागे नेले नव्हते, हाच त्याचा दोष. बाईंनी मांडीवरचे पुस्तक मिटले. त्यातली खुणेची पट्टी काढून नीट आत सरकवली. चपला काढल्या आणि खुर्चीखाली जोडीने ठेवल्या.

"राहू दे आता," त्या म्हणाल्या. "नंतर बघू."

रागावून म्हणाल्या असत्या तर हेडक्लार्कांना सोपे गेले असते. रागावलेल्या लोकांची त्यांना सवय होती. पण त्या साधेपणाने म्हणाल्या, रोजचे वाक्य म्हणावे तशा. हा शब्द हेडक्लार्कांनी हजारो माणसांना दिला होता, परत कोणी केला नव्हता. त्यांना एकदम कळले, की टेबलाच्या पलीकडच्या बाजूला तो असा ऐकू येतो. रेडिओची ती जुनी गोष्ट, पोरीचे मोठे होणे, सगळे डोळ्यांपुढे आले, आणि काहीतरी बोलावे म्हणून त्यांनी तोंड उघडले.

तेवढ्यात फोन वाजला. हेडक्लार्कांचा अंगठा सवयीने कापायला निघाला.

"कोणाचा आहे?" बाईंनी विचारले.

"कोण जाणे. मघापासून तोच अनोळखी."

बाई सावकाश उठल्या. "माझा अर्ज टाइप करताना तुम्ही फोन नंबर कोणाचा घातलात?"

फोन वाजत होता. हेडक्लार्क आठवत होते. आठवले तसा त्यांचा रंग बदलत गेला.

"कुटुंबप्रमुखाचा," ते अगदी हळू म्हणाले.

"द्या इकडे."

"अगं, पण आधी बघू तरी, कोण..."

"बघू नाही, नंतर नाही, मग नाही. आता! उठा त्या खुर्चीवरून आणि तो फोन माझ्या हातात द्या. आता!"

बाईंनी आवाज चढवला नव्हता. पण त्या आवाजाने कित्येक वर्षे शाळेतली पोरे बसवलीही होती आणि उठवलीही होती. हेडक्लार्क ताडकन उठले. इंजिनियर आधीच उभा होता, म्हणून त्याने घाईघाईने आपलाही फोन काढून पुढे केला. गडबडीत हेडक्लार्कांचा अंगठा कापायच्या ऐवजी घ्यायच्या बटणावर पडला होता, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

"हॅलो?" फोनमधून एका बाईचा आवाज आला. "हॅलो, हे आत्ता कोण बोललं?"

बाईंनी फोन कानाला लावला. पलीकडे कंपनीतल्या निर्मातीबाई होत्या. तुम्ही पडद्यावर दिसेनात म्हणून केव्हापासून फोन करते आहे, कोणीतरी सारखा कापतंय, असे त्या म्हणाल्या. बाईंनी माफी मागितली आणि उशिराचे कारण सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला आवाज कापत होता. पण माणूस एकदा सांगायला लागला की सांगणेच त्याला धरून ठेवते. 'आलास? बस' आले, उशीखालची वायर आली, मुदतवाढ आली. इंजिनियरचे टकटक करून कान लावणे आले. हेडक्लार्कांचा आवाज त्यांनी हुबेहूब काढला, आणि कॉम्प्युटरलाही एक आवाज दिला, थंड, शांत, आणि ऐकून घेणारा पण बधणार नाही असा. पलीकडे निर्मातीबाई हसत होत्या. मग त्या म्हणाल्या, "थांबा, थांबा. मी आमच्या सगळ्यांना बोलावते. परत सांगा. पहिल्यापासून."

बाईंनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला आणि परत सांगितले. हेडक्लार्क भिंतीला टेकून आपलीच गोष्ट ऐकत राहिले. दुसऱ्याने लिहिलेला कुठलाही मसुदा त्यांनी लाल शाई न लावता आजवर पुढे जाऊ दिला नव्हता. या मसुद्यात मात्र त्यांना एकही दुरुस्ती सुचवता येईना. मध्येच कधीतरी अपडेट पुरे झाले आणि पडद्यावर 'स्वागत' अशी अक्षरे आली. त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

"हे बघा, बाई," शेवटी निर्मातीबाई म्हणाल्या, "गोष्टींसाठी आमच्याकडं आवाज पुष्कळ आहेत. तुम्ही गोष्टीही वाचाल. पण मघाशी फोन लागल्या लागल्या तुम्ही 'आता' म्हणालात ना, ते ऐकून इथं मी खुर्चीतून उठून उभी राहिले. आम्हाला एका मोठ्या कामासाठी अस्साच आवाज हवाय. उद्या येता?"

"अगं, उद्या म्हणजे जरा..." हेडक्लार्कांनी सुरुवात केली.

"येते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून बाई कामाला जाऊ लागल्या. गोष्टींचे काम सगळ्यांना ठाऊक होते. ते दुसरे काय आहे, हे मात्र त्या सांगत नसत. "बाहेर बोलायची बंदी आहे. छोटी छोटी वाक्यं असतात, एवढंच," असे म्हणून हसत आणि चपला घालून निघत. नव्या चपला त्यांनी रोज वापरायला काढल्या होत्या. हेडक्लार्कांना त्यांचा अभिमान वाटे. एकदा त्यांनी तो बोलून दाखवायचेही ठरवले होते, पण ते राहून गेले.

बाकी गृहस्थाने त्या गुरुवारपासून काही धडा घेतला असेल, असे तुम्हाला वाटत असेल तर तुम्हाला निवृत्त हेडक्लार्क ठाऊक नाहीत. अपडेट झालेल्या कॉम्प्युटरवर 'नंतर'चे बटण परत आले होते. "आलास? बस," परत सुरू झाले. खालचा खण अजून हातात येत होता.

असे काही महिने गेले. एके दिवशी दुपारी बाई कामावर गेल्या होत्या आणि हेडक्लार्क एकटेच पत्ते लावत बसले होते. काळ्या राजावर लाल राणी ठेवणार, तोच पडदा अंधुक झाला आणि त्यांच्या अगदी समोरून, बायकोच्या आवाजात कोणीतरी म्हणाले,

"नवीन अपडेट आलंय. आता करायचं, की आज रात्री?"

हेडक्लार्क ताडकन उभे राहिले. त्यांनी आधी दाराकडे पाहिले, मग स्वयंपाकघरात डोकावून आले. "अगं, तू कधी आलीस?"

"आता करायचं," आवाज शांतपणे म्हणाला, "की आज रात्री?"

चौकट पडद्यावर होती. हेडक्लार्कांनी चष्मा पुसून ती कोपऱ्याकोपऱ्यातून तपासली. 'नंतर' कुठेही नव्हते. तारखेचा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, पण त्या आवाजासमोर तारखेला हात लावायची त्यांची छाती झाली नाही.

"करतो, करतो. आताच करतो," ते म्हणाले आणि त्यांनी बटण दाबले.

"धन्यवाद," आवाज म्हणाला.

हेडक्लार्क तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द या आवाजात त्यांनी कधी ऐकला नव्हता. दोष आवाजाचा नव्हता. तशी वेळच त्यांनी कधी येऊ दिली नव्हती.

पडद्यावर ठिपके फिरू लागले. आता बराच वेळ करण्यासारखे काही नव्हते. हेडक्लार्कांनी थोडा वेळ ठिपक्यांकडे पाहिले आणि ते स्वयंपाकघरात स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेले. बऱ्याच शोधानंतर त्यांना आठवले, की तो सगळ्यात खालच्या खणात असतो. त्यांनी खण ओढला. खण हातात आला.